चालू होताना मशीन काय सांगतंय, ते आधी वाचा

"ताई, मशीन चालूच होईना झालंय. इंग्रजीत कायतरी लिहून येतंय."

"काय येतंय तेवढं वाचून दाखवा की."

"आता कुठलं? बटण दाबून बंद केलं की मी."

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि सकाळी शटर वर करायच्या आत असा एक तरी फोन येतोच. लोक घाबरतात हे मला समजतं. ज्या मशीनवर वर्षाचा हिशेब आहे, पोरीच्या लग्नाचे फोटो आहेत, ते काळ्या पडद्यावर चार पांढऱ्या ओळी दाखवून गप्प बसलं की कुणाच्याही पोटात गोळा येतो. पण त्या चार ओळीच कामाच्या असतात. दुखणं कुठं आहे हे मशीन त्यात सांगत असतं, आणि आपण नेमकं तेव्हाच त्याचं तोंड बंद करतो.

म्हणून हात बटणाकडे जायच्या आधी मोबाइल काढा आणि पडद्याचा फोटो घ्या. पूर्ण पडद्याचा, कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांसकट. मेसेज नुसता चमकून जात असेल तर मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर लावा, पडद्यासमोर धरा, मशीन चालू करा आणि मग व्हिडिओ थांबवत थांबवत वाचा. निम्म्या सेकंदात उडून जाणारी ओळ मी अशीच पकडते.

फोटो घेतला की दुसरी गोष्ट बघायची, मेसेज नेमका कधी आला. बटण दाबल्यावर आधी मदरबोर्ड जागा होतो. त्याच्यावरच्या चिपमध्ये बायोस नावाचा छोटा प्रोग्राम असतो. नव्या मशीनमध्ये त्याचं नाव यूईएफआय आहे, पण दुकानात आम्ही सगळे बायोसच म्हणतो. तो रॅम, कीबोर्ड, पंखा, डिस्क अशी सगळ्यांची हजेरी घेतो. हजेरी पुरी झाली की डिस्कवरच्या विंडोजला उठवतो. विंडोज उठलं, तुम्ही पासवर्ड टाकला, की मग तुमचे प्रोग्राम उठतात. कंपनीचं नाव दिसायच्या आधी किंवा ते दिसत असताना गाडी अडली, तर दोष सुट्या भागांत शोधायचा. नाव येऊन गेलं आणि मग काळा किंवा निळा पडदा आला, तर डिस्क नाहीतर विंडोज. डेस्कटॉप दिसल्यावर ओके बटणाची छोटी चौकट आली, तर मशीन ठणठणीत आहे, एखादा प्रोग्राम तेवढा अडलाय. एवढं ओळखता आलं तरी निम्मं काम झालं.

हजेरीतच अडलं तर

पडद्यावर काहीच नाही आणि आतून पिप-पिप आवाज येतोय, तर बहुतेक वेळा रॅम. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल असते की रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ धरतो आणि स्लॉटशी तिची नीट गाठ पडत नाही. वायर भिंतीतून काढा. पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावा. मग रॅमच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या उघडून पट्टी बाहेर काढा, सोनेरी बाजू शाळेच्या पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसा, रबराचा चुरा ब्रशनं झाडा आणि पट्टी परत बसवा. खिट्ट्या 'टक्' करून आपोआप मिटल्या पाहिजेत. त्या मिटल्या नाहीत तर रॅम बसलेली नाही. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, खराब कुठली ते लगेच कळतं. ब्लेडनं किंवा सुरीनं खरवडू नका, सोन्याचा थर निघून जातो आणि मग पट्टी टाकूनच द्यावी लागते.

सगळ्यात जास्त येणारा मेसेज मात्र दुसराच आहे. शाहूपुरीच्या गूळ बाजारातल्या एका अडत दुकानाचे दिवाणजी एकदा ऐन हंगामात दुकानात आले. दिवाळी नुकतीच झाली होती, सौदे जोरात होते. म्हणाले, "रोज सकाळी काळ्या पडद्यावर कायतरी येतंय, एफ वन दाबा म्हणतंय. मी दाबतो, चालू होतंय. पण आता इंटरनेटवर एक साइट उघडंना झालीय." मी जाऊन बघितलं. पडद्यावर 'सीमॉस चेकसम एरर' होतं, खाली 'प्रेस एफ वन टू कंटिन्यू'. एफ वन दाबून विंडोज उघडलं आणि कोपऱ्यातली तारीख बघितली तर मशीन बारा वर्षं मागं गेलेलं. साइट उघडत नव्हती त्याचं कारण हेच. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. मशीनची तारीख त्या मुदतीच्या बाहेर पडली की ब्राउझर दारातच अडवतो. त्याहून वाईट म्हणजे दोन दिवसांच्या काही पावत्या जुन्या तारखेनं पडल्या होत्या, आणि त्या शोधून दुरुस्त करण्यात दिवाणजींची एक रात्र गेली.

औषध साधं आहे. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणं आणि सेटिंग टिकवणं हे त्याचं काम. मिसळीच्या एका प्लेटपेक्षा स्वस्तात मिळतो. मशीनची वायर काढून, जुना सेल बाजूच्या खिट्टीनं उचकटून, नवा बसवायचा, अधिक चिन्हाची बाजू वर. दुकानदार लोक रात्री मेन स्विच पाडून जातात, त्यांच्याकडं हा सेल लवकर संपतो, कारण भिंतीतली वीज चालू असते तोवर मशीन बंद असलं तरी घड्याळाला ती पुरते. मेन पाडणं वाईट नाही, आपल्या पावसाळ्यातल्या विजा बघता ते बरंच आहे. फक्त सेल वेळेवर बदला.

सेल बदलल्यावर बायोसमध्ये जायला लागतं. चालू करताक्षणी डिलीट किंवा एफ टू टिचकत राहायचं. एचपीच्या मशीनला बहुधा एफ टेन, लेनोव्होच्या काही मशीनला एफ वन. तिथं तारीख-वेळ घाला आणि डिस्कचा साटा मोड, म्हणजे मदरबोर्डनं डिस्कशी बोलायची पद्धत, बघा. सेल संपल्यावर बायोस मूळ सेटिंगवर जातो, आणि विंडोज टाकताना हा मोड वेगळा असेल तर नवा सेल घालूनसुद्धा निळा पडदा येतो, 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. मग माणसाला वाटतं डिस्क गेली. डिस्कला काही झालेलं नसतं, मोड पहिल्यासारखा केला की विंडोज उठतं. म्हणून मशीन चांगलं चालत असतानाच बायोसच्या पानांचे फोटो काढून ठेवा.

'कीबोर्ड एरर' आला तर वायर काढून घाला, आणि एखादं बटण दबून अडकलंय का बघा. एवढंच.

'सीपीयू फॅन एरर'ला मात्र एफ वन दाबून पुढं जाऊ नका. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये पोरं तीन महिने तेच करत होती. मशीन लेथच्या बाजूच्या खोलीत होतं. कॅबिनेट उघडलं तर पंख्यात तेलानं चिकटलेल्या लोखंडी कणांचा काळा लेप बसलेला. पंखा बोटानं ढकलला तरी अडखळत फिरत होता. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला मशीन धाडकन बंद होतं, आणि त्यांचं सेव्ह न केलेलं ड्रॉइंग दर वेळी जात होतं. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो वाऱ्यानं वेड्यासारखा फिरून बेअरिंग खराब होतं. लोखंडाची धूळ असेल तिथं ब्लोअरच्या आधी ब्रश वापरा, नाहीतर कण मदरबोर्डवर उडतात आणि ते वीज वाहून नेतात.

आणि आता तो मेसेज, जो वाचून मी स्वतः खुर्चीत सरळ बसते. 'स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस.' हार्डडिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते आणि बायोस चालू होताना ती वाचतो. पंचगंगेकाठच्या माणसाला हे समजावून सांगायला मला वेळ लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. ३९ ला शहाणा माणूस जनावरं आणि धान्य हलवतो, ४३ ची वाट बघत बसत नाही. हा मेसेज म्हणजे ३९ फूट. मशीन अजून चालतंय, म्हणून लोक एफ वन दाबून आठवडे काढतात. तसं करू नका. त्याच दिवशी दुसरी डिस्क आणा आणि आधी जे परत मिळणार नाही ते काढा: फोटो, हिशेब, प्रबंध. सिनेमे राहू द्या.

पुराचा विषय निघालाच आहे तर सांगते. २०१९ च्या पुरानंतर कुंभार गल्लीतून भिजलेली मशीनं माझ्याकडं आली. वरून कोरडं दिसतंय म्हणून ज्यांनी घरी एकदा चालू करून बघितलं, त्यांच्या डिस्कमधून मला फारसं काही काढता आलं नाही. भिजलेलं मशीन चालू करून बघायचं नाही. वायर काढायची आणि तसंच दुरुस्तीला द्यायचं.

नाव येऊन गेलं, विंडोज येईना

'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' किंवा 'नो बूटेबल डिव्हाइस' असं आलं तर आधी मशीनला लावलेले सगळे पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड काढा. खरंच. बायोस पेन ड्राइव्हवर विंडोज शोधत बसलेला असतो. फोनवर एवढं सांगून मी कितीतरी मशीनं चालू करून दिली आहेत, आणि त्याचे पैसे मी घेत नाही.

तरी तेच आलं, तर बायोसमध्ये जाऊन डिस्कचं नाव दिसतंय का बघा. नाव दिसत नसेल तर मशीन बंद करून, भिंतीतली वायर काढून डिस्कची डेटा केबल आणि पॉवर केबल दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवा. डेटा केबल दुसरी लावून बघा. यंत्रांच्या धक्क्यांनी केबल हळूहळू सैल होते. तरीही नाव नसेल, किंवा डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर थांबा. ते घरी करायचं काम राहिलेलं नाही.

नाव दिसतंय पण विंडोज येत नाही, तर विंडोजच्या सुरुवातीच्या फायली बिघडल्या असण्याची शक्यता मोठी. गोल फिरणारे ठिपके आले की पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की विंडोज १० आणि ११ स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा आणतात. ठिपकेसुद्धा येत नसतील तर दुसऱ्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजचा पेन ड्राइव्ह बनवा, आठ जीबीचा पुरतो, आणि त्यावरून 'रिपेअर युअर कॉम्प्युटर' निवडा. पुढं 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'. तिथं 'स्टार्टअप रिपेअर' आधी. त्यानं नाही झालं आणि बिघाड अपडेटनंतर सुरू झाला असेल तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. मग 'सिस्टिम रिस्टोअर'. 'रीसेट'ला मात्र हात लावू नका.

हे सगळं करून भागलं नाही तर त्याच यादीतलं कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी चौकट. फोनवर मी जसं सांगते तसंच लिहिते. आधी डी-आय-आर, एक जागा, सी, कोलन, एंटर. यादीत 'विंडोज' नावाचा फोल्डर दिसला पाहिजे. दिसला नाही तर सीच्या जागी डी, मग ई, असं करत शोधा, कारण या पडद्यावर डिस्कची अक्षरं बदललेली असू शकतात आणि इथंच लोक चुकतात. ज्या अक्षराखाली सापडला ते धरून: बी-सी-डी-बूट, एक जागा, ते अक्षर, कोलन, उलटी तिरपी रेघ, विंडोज, एंटर. 'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' आलं की बंद करून चालू करा.

चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करायची कमांड, तिच्याबद्दल जपून. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत निवृत्त झालेले एक गुरुजी मशीन घेऊन आले होते. डिस्क मरायला टेकली होती, फायली उघडायला खूप वेळ लागत होता. मी रात्री चेकडिस्क लावून घरी गेले. ती कमांड डिस्कचा कण न् कण वाचते, आणि दुखऱ्या डिस्कला एवढं ओझं सोसत नाही. सकाळी डिस्क बोलायचीच बंद झाली होती. त्यात गुरुजींच्या पत्नीचे फोटो होते, त्या जाऊन दोन वर्षं झाली होती. गुरुजी मला एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवल्याशिवाय मी कुठल्याही संशयित डिस्कवर दुरुस्तीची एकही कमांड चालवलेली नाही, आणि तुम्हीही चालवू नका.

निळा पडदा येऊन मशीन आपोआप परत चालू होत असेल तर वर सांगितलेल्या पडद्यावरून 'स्टार्टअप सेटिंग्ज'मध्ये जा, रीस्टार्ट करा आणि यादीतला ९ दाबा. मग पडदा थांबतो आणि वाचता येतो. त्याच यादीत ४ म्हणजे सेफ मोड, त्यात विंडोज अगदी गरजेपुरतंच उठतं. निळ्या पडद्यावर खाली मोठ्या अक्षरांत नाव असतं, तेच कामाचं. 'मेमरी मॅनेजमेंट' किंवा 'पेज फॉल्ट' आलं तर आधी रॅम तपासा. 'अनमाउंटेबल बूट व्हॉल्यूम' आलं तर डिस्क. नावाखाली एखाद्या फाइलचं नाव आलं आणि शेवटी डॉट एसवायएस असेल तर तो ड्रायव्हर, म्हणजे मशीनचा एखादा भाग चालवणारा प्रोग्राम. सेफ मोडमध्ये जाऊन नुकतं काय टाकलं होतं ते काढा.

सेफ मोडची ताकद सगळ्या जगानं १९ जुलै २०२४ ला बघितली. एका सुरक्षा सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळ्या पडद्यावर अडकली. आपल्या देशात विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून द्यावे लागले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जायचं, एक फाइल काढून टाकायची, परत चालू करायचं. एकाही मशीनचा एकही भाग बिघडलेला नव्हता.

निळ्याच पडद्यावर 'बिटलॉकर रिकव्हरी की' मागितली तर तो बिघाड नाही, कुलूप आहे. बायोस अपडेट केला, मदरबोर्ड बदलला, की लॅपटॉपला वाटतं डिस्क दुसऱ्याच्या हातात गेली. किल्ली ४८ आकड्यांची असते आणि घरच्या लॅपटॉपची बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून खात्यात शिरा, 'डिव्हाइसेस'मध्ये शोधा आणि पडद्यावरचा की आयडी जुळतोय ना ते बघा. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर किल्ली ऑफिसच्या आयटीवाल्यांकडं मागा. किल्ली नसेल तर ती डिस्क मी उघडू शकत नाही, दुसरंही कुणी उघडू शकत नाही. आजच ती कागदावर उतरवून घरच्या कागदपत्रांत ठेवा.

डेस्कटॉप आल्यावर येणारी चौकट

'देअर वॉज अ प्रॉब्लेम स्टार्टिंग, द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड.' एखादा प्रोग्राम तुम्ही काढला, पण रोज सकाळी त्याला हाक मारायची नोंद तशीच राहिली. हाक जाते, ओ मिळत नाही, म्हणून चौकट येते. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'स्टार्टअप'मध्ये ते नाव शोधून डिसेबल करा. तिथं नसेल तर टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्राम उठवणारी यादी, बघा. तुम्ही कधी न टाकलेलं, अक्षरांची खिचडी असलेलं नाव असेल तर व्हायरस येऊन गेला असणार, पूर्ण स्कॅन लावा.

अमुक डीएलएल फाइल, म्हणजे प्रोग्रामला लागणारी मदतनीस फाइल, नाही असं आलं तर ती फाइल फुकट देणाऱ्या साइटवरून उतरवू नका. तिथून फाइलबरोबर काय काय येईल सांगता येत नाही. तो प्रोग्राम काढून परत टाका. फाइलचं नाव एमएसव्हीसीपीनं सुरू होत असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्यूटेबल घ्या.

आणि एक मेसेज खोटा असतो. सगळा पडदा व्यापतो, भोंगा वाजवतो, तुमचं मशीन लॉक झालंय म्हणतो आणि खाली फोन नंबर देतो. विंडोजच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर कधीच नसतो. तो नंबर लावू नका. ऑल्ट आणि एफ फोर दाबा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. माझ्या ओळखीच्या एका मावशींनी नंबर लावला, समोरच्यानं गोड बोलून मशीनचा ताबा घेतला आणि पेन्शनच्या खात्यातून पैसे गेले. असं घडलं तर आधी नेट तोडा, मग १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा, बँकेला कळवा. अर्ध्या तासाचा उशीरसुद्धा महाग पडतो.

दुकानात मशीन आणायची वेळ आलीच तर फोटो दाखवा, बिघाडाच्या आदल्या दिवशी काय बदललं ते सांगा: नवा प्रिंटर, अपडेट, वीज गेली, पोरानं गेम टाकला. लपवू नका, कुणी रागवत नाही. आणि "फॉरमॅट मारायला लागेल" असं कुणी म्हणालं, मीसुद्धा म्हणाले, तर आधी विचारा, डेटा कुठं काढून ठेवलाय? त्या डिस्कवरचे दोन-चार फोटो आणि हिशेबाची एक फाइल दुसऱ्या मशीनवर स्वतःसमोर उघडून घ्या. उघडली तर मग हो म्हणा.